पितळी बिजागऱ्या

"मी पलीकडे मरणार नाही," बाबा म्हणाले, आणि त्यांनी कामाच्या बाकाचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला.

अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस. तोंड राखेच्या रंगाचं झालेलं, ओठ निळे, छातीवर कोणीतरी बसलंय असं स्वतःच सांगत होता, आणि तरी बोटांत जोर केवढा! एका बाजूने मी ओढतेय, दुसऱ्या बाजूने फिर्मिन, आणि बाबा भुशात आडवे पडून बाकाला चिकटलेले. फिर्मिन म्हणजे आमच्या गावचा बेकरीवाला. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की बंबवाल्यांचीच गाडी येते, आणि बंबवाले म्हणजे गावातलेच चारदोन लोक. बिचारा कणकेचा हात न धुता तसाच धावत आला होता. स्ट्रेचर दारात, गाडीचं इंजिन चालू, बाहेर बर्फ नुसतं कोसळत होतं.

"बाबा, सोडा तो पाय," मी ओरडले.

"पर्पिन्यांला ने मला, आपल्या बाजूच्या इस्पितळात."

"घाट बंद आहे, गाल्द्रिककाका," फिर्मिन म्हणाला. "रात्रीपासून बंद आहे. हेलिकॉप्टरवाले या ढगात येत नाहीत. पलीकडे नेतो, दहा मिनिटांत पोचवतो."

"मग घाट उघडेपर्यंत थांबतो."

"थांबतो म्हणे! हे काय दाढी करून घ्यायला आलात का?" मी म्हटलं. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि मला दोन्ही एकदम आलं की मी टोचूनच बोलते. मला तशी खोडच आहे.

पलीकडे म्हणजे स्पेनमध्ये. आमचं सेर्दान्याचं खोरं परातीसारखं सपाट, चहूबाजूंनी डोंगर, आणि परातीच्या मधूनच कोणीतरी रेघ मारून अर्धी फ्रान्सला दिली, अर्धी स्पेनला. आमचं ओस्सेल गाव रेघेच्या अलीकडे. इस्पितळ पलीकडे, दोन्ही देशांनी मिळून बांधलेलं. माझी मुलगी कोराली तिथे नर्स आहे. आमच्या गावातली निम्मी पोरं आता तिथेच जन्माला येतात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. सगळा गाव पेट्रोलला पलीकडे जातो, सिगारेटला जातो, ऑलिव्हच्या तेलाचे डबे भरून आणतो. एक आमचे बाबा तेवढे जात नाहीत. आई गेली तेव्हापासून त्यांनी रेघ ओलांडलेली नाही, आणि तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आज साठीला टेकलेय.

गावातले लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचा स्पेनवर राग आहे. ही तर कमाल, कारण आई मुळात पलीकडचीच, ताल्योर्न गावची. मला आपलं वाटायचं, दुःखाने जात नाहीत. तिचं माहेर, तिचे रस्ते, नको वाटत असेल. इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात अशा गोष्टी विचारायची पद्धत नाही. आमच्याकडे सूप वाढायची पद्धत आहे.

खरं सांगायचं तर त्या रेघेवरून आमच्या तिघांचं कधीच जमलं नाही. दर रविवारी जेवताना तेच. बाबांचं म्हणणं एवढंसं. "मी लहान असताना हेल्मेट घातलेले जर्मन शिपाई आपल्या कुंपणाशी उभे असायचे. आता नसतात. झालं. एवढाच युरोप, आणि एवढा पुरे." आम्ही कोण असं विचारलं तर ते म्हणायचे, "आपण खोऱ्यातले." फ्रेंच म्हणून घेताना त्यांना संकोच वाटायचा, युरोपियन म्हटलं तर हसूच यायचं.

माझं वेगळं. मी कस्टमच्या चौकीसमोर एका एजंटाच्या कचेरीत कारकून होते. संत्र्यांचे ट्रक यायचे, त्यांचे कागद मी रंगवायची. मग एका नववर्षाच्या पहाटेपासून चौकी बंद झाली, ट्रक न थांबता जायला लागले, आणि माझी नोकरी गेली. कोणी विचारलं असतं तर मी रडायला हवं होतं. मी टाळ्या वाजवल्या! आम्ही सगळ्या कारकून बायांनी रस्त्यावर उभं राहून ट्रकवाल्यांना हात केले. मला मनापासून वाटत होतं की आता आपण एक झालो. तो ताऱ्यांचा निळा झेंडा मी स्वयंपाकघरात लावला, तो अजून तिथेच आहे, तळणाच्या वाफेने पिवळा पडलाय. पुढे शाळेच्या भटारखान्यात कामाला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले, पण त्या दिवसाबद्दल मी कधी कुरकुर केली नाही.

आणि कोराली? तिला विचारलं की खांदे उडवते. "युरोप काय, आई? मी सकाळी कामावर जाते. तो सर्कल येतो, त्याला वळसा घालते, की आलं इस्पितळ." तिने खोली पलीकडेच घेतलीय, तिचा मित्र लिस्बनचा, तिचा डॉक्टर कुठला, तिचा न्हावी कुठला, तिला ठाऊकही नसतं. मी झेंडा दाखवला की म्हणते, "धुऊन तरी टाक." फक्त एकदा मी तिला हादरलेलं पाहिलं. त्या साथीच्या वर्षी सरकारने आमच्या शेतरस्त्यावर मोठाले दगड आणून टाकले, रेघेवर. ती दगडांपाशी उभी राहून रागाने रडली. "हे माझं घर, ते माझं काम, मध्ये दगड कसले?" मी म्हटलं, "बाई, ही सरहद्द. ती आधीपासून इथेच होती. तू पाहिली नव्हतीस एवढंच." तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ते दगड आणून टाकले होते.

पण मी कुठे भरकटले? बाबा भुशात पडलेले होते.

"गाल्द्रिककाका," फिर्मिन त्यांच्याजवळ उकिडवा बसला, "तुम्हाला कोण मारतंय? बरं करायला नेतोय."

"आणि नाही झालो बरा तर?"

"नाही झालात तर... म्हणजे... तसं कसं..." फिर्मिनची बोबडी वळली.

"नाही झालो तर ते मला जस्तात घालतील," बाबा म्हणाले. दम लागला म्हणून थांबले. "वरून झाळून टाकतील. जस्ताची पेटी माझ्या पेटीत मावत नाही. मी मापून बघितलंय."

"कुठली तुमची पेटी?" मी विचारलं.

"माळ्यावरची. तुझ्या आईची."

देवा रे! मी तिथेच भुशात बसले.

सांगते. आई माहेरच्या गावजत्रेला म्हणून बहिणीकडे गेली होती. दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. बाबा गावचे सुतार, गावातल्या सगळ्यांच्या शवपेट्या तेच करायचे. त्यांनी अक्रोडाच्या फळ्या काढल्या. त्या फळ्या माझ्या लग्नाच्या कपाटासाठी वाळवून ठेवल्या होत्या. त्या कपाटासाठीच पर्पिन्यांहून पितळेच्या बिजागऱ्या आणल्या होत्या, त्यांच्यावर द्राक्षाची पानं कोरलेली. त्याही काढल्या. झाकण दोन भागांत केलं आणि वरच्या भागाला त्या बिजागऱ्या लावल्या, म्हणजे तेवढंच उघडून लोकांना तिचं तोंड बघता येईल. आमच्याकडे ते फार लागतं. तोंड बघितल्याशिवाय माणूस गेलं असं वाटत नाही. एवढी देखणी पेटी आमच्या खोऱ्यात कोणाची झाली नसेल. ती ट्रकमध्ये घालून बाबा तिला आणायला निघाले, मी शेजारी बसलेले.

चौकीवर अडवलं. जिवंत बाई सकाळी टोपलीत केक घेऊन चालत गेली तेव्हा कोणी काही विचारलं नव्हतं. मेलेली बाई परत आणायची तर दुसऱ्या देशातून आणलेलं प्रेत झालं. त्याला जस्ताची पेटी हवी, ती झाळून बंद हवी, तिच्यावर मोहोर हवी, इकडच्या वकिलातीचा शिक्का, तिकडच्या वकिलातीचा शिक्का. तिच्या माहेरापासून आमचं घर दिसतं हो! धुराडं दिसतं. कागद येईपर्यंत ऑगस्टचे दिवस तसेच गेले. शेवटी जस्ताचा तो डबा आला आणि तो बाबांच्या पेटीत बसेना. चार बोटं जास्त रुंद होता. मी चौकीवरच्या शिपायाला म्हटलं, एकदा उघडा, मला आईला बघायचंय. माणूस चांगला होता. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "नाही ग पोरी, तसं करता येत नाही." बाबांनी घाईघाईत पाइनच्या फळ्यांचं एक धोपट खोकं ठोकलं आणि आम्ही त्यात तो डबा पुरला. आत आईच होती असं सगळे म्हणाले. अक्रोडाची पेटी माळ्यावर गेली.

"मी आता बारीक झालोय," बाबा भुशातून सांगत होते. "तिच्या पेटीत मावतो. झोपून बघितलंय."

"झोपून बघितलंय? केव्हा?"

"तू मासे आणायला गेली होतीस तेव्हा."

फिर्मिनने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माळ्याकडे.

"आणि सोलांज," बाबा म्हणाले, आता त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता, "तुला तोंड बघायला मिळायचं नाही. आईचं मिळालं नाही. माझंही मिळायचं नाही. म्हणून मी तिकडे जात नाही. माणसाचा काय भरवसा? कुठेही पडतो."

म्हणजे इतकी वर्षं राग नव्हता, दुःखही नव्हतं. हा माणूस माझ्यासाठी अलीकडे थांबला होता! त्याला पलीकडे मरायची भीती होती, कारण मला त्याचं तोंड दिसलं नसतं. आणि मी त्याला हेकट म्हणत होते, सूप वाढताना, तोंडावर.

तो जस्ताचा कायदा अजून आहे की नाही? मला तरी कुठे ठाऊक होतं! कस्टमच्या दारात उमेदीची वर्षं घालवलेली बाई मी, संत्र्यांची रेघ पुसली गेली हे मला माहीत होतं, मढ्यांची पुसली गेली की नाही हे मी कधी विचारलं नव्हतं. मलाही वाटलं, खरंच जस्तात घालतील. मी त्यांचा हात धरून नुसती बसले. फिर्मिनच शेवटी म्हणाला, "कोरालीला फोन लाव."

कोराली कामावरच होती. मी फोनचा आवाज मोठा करून तो भुशात ठेवला.

"अजून निघाला नाहीत?" ती किंचाळलीच. "आई, इथे सगळे तयार उभे आहेत! आजोबा, तू ऐकतोयस का? ऊठ आणि गाडीत बस."

"जस्ताचं काय?" बाबा म्हणाले.

"कशाचं?"

"पलीकडे मेलं की जस्ताच्या पेटीत झाळून..."

"कसलं जस्त, आजोबा?" तिचा आवाज असा, जणू ते तिला वाफेच्या इंजिनाबद्दल विचारत होते. "तसलं काही नसतं. आमच्या वॉर्डातून तुमच्या बाजूचे लोक जातात की. साध्या पेटीत. सकाळी गेला तर दुपारी घरी."

"तू मला गाडीत घालायला खोटं बोलतेस."

"मी कशाला खोटं बोलू? आणि तू मरणार बिरणार नाहीयेस. ये इकडे. तसंही माझ्या कपाटाचं दार वर्षभर लोंबतंय, मी सुतळीने बांधून ठेवलंय, आणि माझा सख्खा आजोबा सुतार आहे हे लोकांना सांगायची लाज वाटते मला."

बाबांनी डोळे मिटले. पाय काही सोडला नाही. नर्स झाली तरी पोर ती, तिला काय माहीत, असा चेहरा.

तेव्हा फिर्मिन घसा खाकरून म्हणाला, "काका, खरं आहे ते. माझी मावशी गेली ना आता नाताळाच्या आधी, ती तिथेच गेली. मीच गेलो होतो बरोबर. साधी पेटी. घरी आणून मधल्या खोलीत उघडी ठेवली, सगळ्यांनी बघितलं. तुम्ही नाही का आलात?"

"मी आलो तेव्हा तिला नेली होती," बाबा म्हणाले. डोळे उघडले. "चौकीवर किती वेळ थांबवलं?"

"कसली चौकी? तिथे आता गोड चुर्रो तळून विकणारा चुर्रोवाला आहे."

"कुठेच थांबवलं नाही?"

फिर्मिनने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "सर्कलपाशी मेंढ्या आडव्या आल्या होत्या, तिथे थांबलो. आणि मग बेकरीपाशी जरा. भट्टीत पाव होते माझे, करपले असते."

"मावशीला गाडीत ठेवून?"

"तिला कुठे घाई होती?"

बाबा हसले. हसताना छाती दुखली म्हणून कळवळले, आणि कळवळतानाच हसत राहिले. मग त्यांनी बाकाचा पाय सोडला. एकेक बोट सुटलं. "चला," ते म्हणाले. "पण सोलांज, माळ्याचं दार लावून घे. बर्फ आत येतं."

गाडीत मी त्यांच्या उशाशी बसले. खिडकीतून काहीच दिसत नव्हतं, सगळं पांढरं. एका ठिकाणी गाडीने वळसा घेतला, तेव्हा मी ओळखलं की सर्कल आलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "झालं?" त्यांनी विचारलं. "झालं," मी म्हटलं. पुढे फिर्मिन बायकोला फोनवर भट्टी बंद कर म्हणून सांगत होता.

इस्पितळात त्यांना आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. किती वेळ बसले ते देव जाणे. समोर कॉफीचं यंत्र होतं, त्यात टाकायला माझ्याकडे सुटे नव्हते, आणि तेवढ्यासाठी मला हुंदका फुटला. मग दार उघडून एक तरुण डॉक्टरीणबाई आली. म्हणाली, ठोका चुकत होता, यंत्र बसवलंय, आता घड्याळासारखे चालतील. एवढं ऐकलं आणि मी तिच्या गळ्यातच पडले. तिच्या पांढऱ्या कोटावर माझ्या नाकाडोळ्यांचं पाणी. तिने मला पाठीवर थोपटलं, जणू तीच माझी आई.

संध्याकाळी बाबा उशीला टेकून बसले होते आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी भांडत होते. तो पलीकडच्या बाजूचा, म्हणजे तिथला. वाद सॉसेजचा होता. कोणाच्या बाजूचं सॉसेज चांगलं. दोघांच्या नाकात नळ्या.

"आपल्या खोऱ्यात," तो म्हातारा म्हणत होता, "काळं सॉसेज करावं तर आमच्याच बाजूने."

"आपल्या खोऱ्यात," बाबा म्हणाले, "तोंड घालायला तुझ्यासारखे फार."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आली. बाबांनी तिला नीट बघून घेतलं. "पोरी, तू कुठली?"

"रोमानियाची, आजोबा."

"म्हणजे लांबची."

"लांबची कसली? युरोपातलीच की."

"मग युरोपच लांबचा आहे," बाबा म्हणाले. शेजारचा म्हातारा नळीसकट खो खो हसला, आणि डॉक्टरीणबाईही हसली. जाताना तिने दोघांची पांघरुणं सारखी केली. "पोर चांगली आहे," बाबा त्याला म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्या दोघांचं एकमत झालं.

कोरालीची पाळी संपली तेव्हा आम्ही दोघी खाली गाडीपाशी उभ्या राहिलो. बर्फ थांबलं होतं. ती म्हणाली, "आई, ते जस्ताचं काय होतं? आजोबा इतका घाबरला होता कशाला?"

मग मी तिला सांगितलं. आजीची गोष्ट तिला मी कधी सांगितलीच नव्हती. आजी अमुक साली गेली, एवढंच तिला माहीत. ती ऐकत होती, गाडीची किल्ली हातात घेऊन.

"पण ती तर इथलीच होती ना?" ती म्हणाली.

"हो."

"आणि घर तर ते काय, तिथे."

"हो."

"मग अडवलं कशावरून?"

मी समजावून सांगायला गेले. दोन देश होते, स्पेन तेव्हा युरोपात घेतलेला नव्हता, कायदे वेगळे होते. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की तिला ते कळत नाहीये. ती हुशार मुलगी आहे, शब्द कळत होते. पण जे आमच्या पोटात दगडासारखं बसलं होतं, ते तिच्या पोटात उतरतच नव्हतं. आधी मला राग आला. एवढं सोसलं आम्ही आणि या बयेला पत्ता नाही! आणि मग, खरं सांगते, मला फार बरं वाटलं. नाहीच कळलं तर बरंय. मी टाळ्या वाजवल्या होत्या त्या यासाठीच असणार.

"तुम्ही कोणी भांडला का नाहीत?" तिने विचारलं.

"भांडायचं सुचलं नाही ग. तेव्हा ते पावसापाण्यासारखं वाटायचं."

मग तिने मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "चल, तुला घरी सोडते." सर्कलला तिने नेहमीसारखा वळसा घातला. एका हाताने गाडी, दुसऱ्या हाताने गाणं लावत होती. मी मात्र मान वळवून चुर्रोवाल्याच्या बंद दुकानाकडे बघत राहिले, दिसेनासं होईपर्यंत.

बाबा घरी आले आणि आठवडाभर बड्या मिजाशीत होते. यंत्र दाखवायला शर्टाची बटणं उघडायचे. मग त्यांनी पुन्हा आपल्या सुतारकामाच्या खोलीत जायला सुरुवात केली, थोडं थोडं. मी कान लावून असायची. एक दिवस माळ्यावरून आवाज आला. मी शिडीखाली जाऊन उभी राहिले.

"काय करताय वर?"

"काही नाही. स्क्रू गंजलेत."

"पुन्हा झोपून बघताय की काय?"

"तू जा, तुझं दूध उतू जाईल."

दूध चुलीवर नव्हतंच. पण गेले.

एप्रिलमध्ये यंत्र तपासायला पलीकडे जायचं होतं. बाबा अवजारांची पेटी घेऊन गाडीत बसले. मी म्हटलं, डॉक्टरीणबाई तुमची तपासणी करणार की तुम्ही तिची? ते म्हणाले, गाडी चालव. तपासणी झाली, सगळं ठीक निघालं, आणि मग ते म्हणाले, "आता कोरालीकडे."

कोरालीची खोली तिसऱ्या मजल्यावर. बाबा प्रत्येक जिन्यावर थांबत वर चढले, पण पेटी मला घेऊ दिली नाही. कोरालीने दार उघडलं आणि बघतच राहिली. "आजोबा! तू? इकडे?"

"तोंड बघायचं होतं ना माझं?" बाबा म्हणाले. "हे घे, बघ. स्वतः घेऊन आलोय."

तिला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. तिने त्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. ते तिच्याशी बोलत होते, पण बघत माझ्याकडे होते.

स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार खरंच सुतळीने बांधलेलं होतं. बाबांनी सुतळी कापली, दार उतरवलं, दोन बोटांनी लाकूड दाबून पाहिलं आणि "भुसा दाबून केलेलं मेलं" असं काहीतरी पुटपुटले. मग खिशातून एक फडकं काढलं आणि उलगडलं. आत बिजागऱ्या होत्या. घासून लख्ख केलेल्या, द्राक्षाच्या पानांच्या.

मी त्या ओळखल्या. माझ्या लग्नाच्या कपाटाच्या. आईच्या झाकणाच्या.

"अगं बाई!" कोराली म्हणाली. "या माझ्या दरिद्री कपाटाला? आजोबा, या तर राजवाड्याच्या आहेत. कुठे पडून होत्या?"

"माळ्यावर."

"कोणाच्या?"

"तुझ्या आजीसाठी काढल्या होत्या," बाबा म्हणाले, स्क्रू फिरवत. "तिला लागल्या नाहीत."

"मग तिच्याच गावाकडे आल्या म्हणायच्या," कोराली म्हणाली, आणि कॉफी ठेवायला वळली.

बाबांचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा फिरायला लागला. खिडकीतून खोरं दिसत होतं, शेतं हिरवी झाली होती, आणि त्यांच्या पलीकडे आमच्या घराचं धुराडं. इतकं जवळ होतं, की मी सकाळी दोरीवर टाकलेली चादरसुद्धा ओळखता आली.

"बाबा," मी हळूच विचारलं, "आणि तुमच्या झाकणाला काय लावणार?"

"खिळे," बाबा म्हणाले. "पुरे होतील."

त्यांनी दार बसवलं, बोटाने लोटलं. ते आवाज न करता मिटलं. पुन्हा ओढलं, आवाज न करता उघडलं. कोरालीने पाठीमागून हात घालून आतले तीन पेले काढले, आणि दार लोटायला गेली.

"असू दे," बाबा म्हणाले. "उघडंच असू दे थोडा वेळ."